काका नसलेलं एक मिनिट

"आई, फ्रिज बंद कर," कानांवरचे हेडफोन न काढता धाकटी म्हणाली.

"फ्रिज? दूध नासेल ना गं!"

"एका मिनिटात नासतं होय दूध?"

धाकटी विद्यापीठात चित्रपट शिकत होती. वर्षभर चित्रपट बघायचे, त्यांच्यावर तावातावाने बोलायचं आणि शेवटी तीन मिनिटांचा एक स्वतः करून दाखवायचा, असा तो अभ्यासक्रम. तिने आईबाबांनाच नट-नटी करून हरवलेल्या किल्लीची गोष्ट घरातच चित्रित केली होती आणि दोन वाक्यांच्या मधला सगळा आवाज स्वच्छ पुसून टाकला होता. ध्वनी शिकवणाऱ्या मॅडमनी ते ऐकून चष्मा काढून ठेवला. "तुझी माणसं दर वाक्यानंतर मरतात," त्या म्हणाल्या. "कुठलीच खोली इतकी मुकी नसते. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. त्याच खोलीत ती एक मिनिट टिपून आण आणि मधे भर. सोमवारपर्यंत. नाहीतर या विषयात आपण पुढच्या वर्षी भेटू."

शांतता टिपतात म्हणजे नेमकं काय करतात, या प्रश्नाने धाकटीला झपाटलं. विद्यापीठाचा रेकॉर्डर घरी आणून तिने हेडफोन लावले आणि थक्कच झाली. घरात एवढं काही चाललेलं असतं, हे तिला वीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ दर सात सेकंदांनी एक थेंब टाकत होता. घड्याळाचा काटा पुढे सरकताना कण्हत होता. बाबांच्या नाकातून एक बारीक शिट्टी येत होती, आणि ती त्यांना सांगावी की नाही हे तिला कळेना. या सगळ्यावर कडी म्हणजे मोठे काका.

मोठे काका हे बाबांचे थोरले भाऊ. नोकरीतून ते निवृत्त झाले होते, बोलण्यातून नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळी सुरू झाले की थेट झोपेपर्यंत. ऐकायला समोर कुणी असलंच पाहिजे, अशी त्यांची अट नसे.

"दादाला केस कापायला पाठवू," बाबांनी तोडगा काढला. काकांच्या डोक्यावर कापण्यासारखं फार उरलं नव्हतं, पण न्हावी त्यांच्या तोडीस तोड बोलका होता. म्हणजे दीड तासाची निश्चिंती.

काका गेले. फ्रिज बंद झाला, नळाला फडकं बांधलं, घड्याळातला सेल काढला. काकांची खुर्ची कुणी हात लावला नाही तरी कुरकुरायची, म्हणून ती उचलून बाहेर दाराशी उलटी करून ठेवली. दाराची कडी खडखडायची, म्हणून दार नुसतं लोटलं.

"आता उभे राहा. सोफा वाजतो. आणि माना खाली, डोळे बंद. एकमेकांकडे बघितलंत की हसता तुम्ही."

पहिल्या खेपेला बाबांचा गुडघा वाजला. दुसऱ्या खेपेला आईने "अजून किती गं?" असं विचारलं. तिसरी खेप चालू असताना शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू पडद्याचं माप विचारायला आल्या.

दाराशी त्यांना उलटी खुर्ची दिसली. त्यांनी खिडकीतून डोकावलं, तर आत तिघंही मान खाली घालून उभे, आईबाबा तर डोळे मिटून. भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं. आणि मुख्य म्हणजे काकांचा आवाज नाही. भिंतीला भिंत लावून बारा वर्षं राहिलेल्या बाईंना एवढा पुरावा पुरेसा होता. पाय न वाजवता त्या मागे फिरल्या आणि थेट वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तरांकडे गेल्या.

"मोठे काका गेले हो!"

"काय सांगता! कालच तर तासभर जिन्यात धरून ठेवलं होतं मला."

"आता कोण धरणार आपल्याला?" असं म्हणून काकूंना रडूच फुटलं.

इकडे तिसरी खेप बाबांच्या शिंकेत वाहून गेली होती. चौथ्या खेपेला दार अलगद उघडलं आणि दहा-बारा शेजारी चपला बाहेर काढून एकामागून एक आत आले. धाकटीची पाठ दाराकडे होती आणि नजर रेकॉर्डरवर पळणाऱ्या आकड्यांवर. चाहूल लागून आईने डोळे उघडले, ती दचकली, पण रेकॉर्डिंग मोडू नये म्हणून तिने पटकन ओठांवर बोट ठेवलं. हेडमास्तरांनी समजूतदारपणे मान हलवली आणि हाताने मागच्यांना खूण केली. जन्मभर वर्ग गप्प बसवलेला माणूस तो. सगळे जागच्या जागी थिजले.

हेडफोनमधली शांतता एकदम मऊ झाली, जरा जाडही झाली. हे असं कसं झालं, याचं धाकटीला फार नवल वाटलं.

पस्तिसाव्या सेकंदाला काका परतले. दारात चपलांचा ढीग आणि आत अख्खी इमारत खाली मान घालून उभी. काकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. हात पुढे बांधून ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि सलग पंचवीस सेकंद एक अक्षर बोलले नाहीत.

साठ! धाकटीने हेडफोन काढून टाळी वाजवली. "झालं एकदाचं! किती दिवस वाट बघत होते मी!"

"अगं!" शिवणवाल्या काकू किंचाळल्या. "सख्खे काका ना तुझे?"

मागून हळूच प्रश्न आला, "कोण गेलं म्हणायचं?"

मग जो गोंधळ झाला, त्यात हेडमास्तर सोफ्यावर बसले आणि सोफा वाजला. सगळा उलगडा झाल्यावर काका चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांना भलतीच उत्सुकता. "माझ्याबद्दल काय काय बोललात?" कुणी काहीच बोललं नव्हतं हे कळल्यावर मात्र ते खट्टू झाले. "म्हणजे? माणूस जातो आणि तुम्ही नुसते उभे?"

"पण तू इतक्या लवकर कसा आलास?" बाबांनी विचारलं.

"न्हाव्याचा घसा बसलाय. नुसते केस कापून घेण्यात काय अर्थ आहे?"

संध्याकाळी धाकटीने ते अमूल्य मिनिट चित्रपटात भरलं आणि ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. पडद्यावर आई किल्लीबद्दल विचारत होती आणि तिच्या शब्दांमागे, आतल्या खोलीतून, एक बारीक पुटपुट येत होती. बाबा उत्तर देत होते, तेव्हाही तीच. चित्रीकरणाच्या दिवशी काका घरातच होते! तो आवाज कानात इतका मुरलेला, की तो आवाज आहे हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. वाक्य संपलं की तिची ती सुंदर शांतता येई आणि पुटपुट कापल्यासारखी थांबे. म्हणजे आता दर वाक्यानंतर काका मरत होते.

तिला ते मुळीच ऐकवेना.

रविवारी सकाळी तिने काकांची खुर्ची आतल्या खोलीत नेली. "काका, एक मिनिट बोला. नेहमीसारखं."

काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. त्यांनी घसा खाकरला. माइककडे पाहिलं. "काय बोलू?"

"काहीही."

काकांनी ओठ उघडले, मिटले. कपाळ पुसलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. हेडफोनमध्ये फक्त खुर्ची कुरकुरत होती. "सुचत नाही गं," ते अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"राहू दे काका. हे बघा, बंद केलं." धाकटीने रेकॉर्डरवरून नुसता हात फिरवला आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"सुटलो बुवा!" काका मागे रेलले. "त्याचं काय आहे, परवा त्या न्हाव्याला मी म्हटलं..."

तिला एक मिनिट हवं होतं. सत्तेचाळीस मिळाली, आणि त्यातलं एकही पुसायला तिचा हात धजावला नाही.