सुपातली हडळ

"खाडीच्या बांधावर बाय बसली एकली गो, केस तिचे भुईवर, पावलं तिची उलटी..."

वेणूआत्याचा तो आवाज रंजिताच्या कानात अजून होता. लाइट गेली की आत्या ओट्यावर पोरांना गोळा करायची आणि आवाज असा खाली उतरवायची की वाराही दबकून ऐकायचा. पोरं एकमेकांच्या कुशीत शिरत. पाच वर्षांची रंजिता तेवढी पुढे सरकून विचारायची, "आत्ये, तिची साडी कनची व्हती गो?"

"मेले, भ्यायचं सोडून साडी काय इचारतंस?"

"काठाची व्हती का बिनकाठाची?"

आत्या गेली, ओट्याच्या जागी दुमजली घर झालं, गावाच्या तिन्ही बाजूंनी नवीन पनवेलच्या इमारती उभ्या राहिल्या. रंजिता मात्र तिथेच राहिली, हडळीच्या साडीपाशी. दिवसभर ती बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. फावल्या वेळात मशीनवर बसून भुताखेतांचे कपडे शिवायची आणि त्यांचे फोटो मोबाइलवर टाकायची.

ते फोटो समोरच्या टॉवरमधल्या आभा मॅडमनी पाहिले. त्यांच्या सोसायटीत ऑक्टोबरअखेरीला मुलांची भुतांची पार्टी असायची.

"बजेट फार नाहीये हं," मॅडम फोनवर म्हणाल्या, "आणि आमची मुलं कशालाच घाबरत नाहीत. मागच्या वर्षी सांगाडा आणला, तर त्याला गॉगल लावून त्याच्यासोबत सेल्फी काढले. तू एक नमुना कर. शनिवारी येऊन बघते. खरंच भीतीदायक वाटलं, तर सगळ्या मुलांचे ड्रेस तुझ्याकडे."

हे रंजिताच्या आईनं, हौसानं, ऐकलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला. "ये काम मिललं तर कर तुझी भुतं. नाय मिललं तर सोमवारपासून मामाच्या इस्टेट एजन्सीत फोन उचलायला बसायचं. कबूल?"

रंजितानं मान हलवली. मामाच्या ऑफिसात एसी होता, खुर्ची गोल फिरायची, पण तिथे भुतं नव्हती.

पैसे थोडे, म्हणून तिनं घरातच शोध घेतला. जुन्या काळ्या परकराचा झगा झाला. त्याच्या घोळाला तिनं उदबत्तीनं भोकं पाडली, की वाटावं, हिला कुणी चितेवरून अर्ध्यात उठवलंय. फाटकी मच्छरदाणी चहाच्या पाण्यात बुडवून तिची ओढणी केली. रक्तासाठी आमसुलं भिजत घातली. नारळाच्या काथ्याचे केस झाले. राहिले दागिने. ते तिला ताटात, खेकड्यांच्या रश्शात सापडले.

"आई, चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडू नको. अख्ख्या ठेव."

"फोडू नको? मंग खायचं काय, कवच?"

"रस चोख ना गो. मना गल्यातली माल करायचीय. नि सुरमईचा मधला काटा पन पायजे. अख्खा."

"अगो, काट्यासाठी मासा आनायचा, का माशासाठी काटा?" हौसा कपाळाला हात लावून म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून तिनं मोठ्या नांग्यांच्याच चिंबोऱ्या निवडून आणल्या, आणि कोळणीशी त्यासाठी भांडलीसुद्धा. घर आठवडाभर चिंबोऱ्याच खात होतं. गल्लीतली मांजरं दारात मुक्कामाला आली.

शनिवारी सकाळी सगळं तयार झालं. नांग्यांची माळ, काट्याचा मुकुट, शिंपल्यांची कर्णफुलं. फक्त वास राहिला. तो असा, की भूत दिसायच्या आधी नाकाला कळावं. रंजितानं सगळे दागिने मीठ लावून सुपात मांडले आणि वरून लिंबं कापून पिळली. फोडीही तिथेच ठेवल्या. माळेचा दोरा आमसुलात लाल झालेला. सूप घेऊन ती गच्चीवर गेली.

आता ऊन म्हणाल, तर टॉवर उभे राहिल्यापासून त्या गच्चीवर ते पाहुण्यासारखं यायचं, तेही एकाच कोपऱ्यात, शेजारच्या गुणाबाईच्या गच्चीला लागून असलेल्या गुडघाभर कठड्यावर. रंजितानं सूप तिथे ठेवलं, शेजारी आमसुलाच्या पाण्यात भिजवलेला झगा पसरला, आणि मॅडमना द्यायला चहा-बिस्किटं आहेत का ते बघायला खाली उतरली.

गुणाबाईच्या हरेशचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. ती लग्नाचे तांदूळ वाळत घालायला वर आली. बघते तो आपल्या कठड्यावर सूप. सुपात हाडं. हाडांवर कापलेली लिंबं, लाल दोरा, मीठ. शेजारी काळं कापड, आणि त्यातून कठड्यावर टपटप लाल ओघळ.

तांदळाची परात वाजली ती थेट खालच्या गल्लीत ऐकू गेली.

"करनी! माझ्या हऱ्याच्या लग्नावर करनी केलीय गो कोनी!"

बिस्किटं आणायला दुकानात गेलेली रंजिता धावत वर पोचली तोवर भगवानदादा भगत हजर होता. हा भगवानदादा एरवी स्टेशनवर रिक्षा चालवायचा. कुणाच्या पोराला नजर लागली, कुणाच्या सुनेला झोप येईना, की लोक त्यालाच बोलवत. आत्ताही तो खाकी शर्टावरच लाल उपरणं टाकून आला होता आणि सुपाभोवती अंगारा शिंपत होता.

"कोनी हात लावायचा नाय," तो म्हणाला, "जबर काम हाय."

"दादा, ते माझं हाय!" रंजिता ओरडली.

"ऐकलंत?" गुणाबाई म्हणाली, "कबूल केलंन! भर दुपारी कबूल केलंन!"

"करनी नाय ओ काकी, दागिनं हायत! घालायचं!"

"हाडं घालायची? कोनाला गो?"

"पोरांना."

गुणाबाई मटकन खालीच बसली.

एवढ्यात हौसा जिना चढून आली. पोरीवर आळ आलाय एवढंच तिला कळलं, आणि तिनं पदर खोचला. "माझ्या पोरीनं करनी केली? अगो गुनाबाय, तिला धड भाकरी करता येत नाय, करनी काय करल?"

"आई!"

"खरं तेच बोलतंय. गप बस."

भगवानदादानं हात वर करून दोघींना थांबवलं. "वाद नको. ये समदं बांधून खाडीत सोडतो. रिक्षात नारल हाय, तो आनतो." आणि तो खाली उतरला.

रंजिताच्या मोबाइलवर मॅडमचा मेसेज आला. त्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्या होत्या, घर विचारत होत्या. आठवड्याची मेहनत खाडीत जाणार, आणि सोमवारी ती त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसणार. तिला रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता. हे कपडे आहेत हे पटवायचा एकच मार्ग उरला होता. तिनं अंगाऱ्याची रेघ ओलांडली. झगा अंगावर चढवला, काथ्या डोक्यावर ओढला, त्यावर काट्याचा मुकुट, गळ्यात माळ, आणि वरून मच्छरदाणी.

"बघा काकी. हाय का नाय कपडा?"

गुणाबाईनं खालून वर पाहिलं. शिवणीवर नजर गेली तसा तिचा चेहरा निवळला. "मंग आधी बोलायचं ना गो. पन कंबरेत सैल झालाय. थोडा आत घे."

त्याच वेळी नारळ घेऊन भगवानदादा गुणाबाईच्या जिन्यातून वर आला. समोर टॉवरांच्या फटीतून येणारं ऊन, त्या उन्हात उभी एक काळी बाई, केस कमरेपर्यंत, डोक्यावर काटे. तिनं त्याच्याकडे मान वळवली. नांग्या खुळखुळल्या.

नारळ सुटला आणि जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली गेला. भगवानदादा मात्र खाली गेला नाही. तो पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवरून वर चढला होता, इतक्या चपळाईनं की त्याचं उपरणंच तेवढं शिडीला अडकून मागे राहिलं.

आणि आभा मॅडम रंजिताच्या जिन्यानं गच्चीवर आल्या.

"हॅलो! अरे वा, घालूनच दाखवतेस? छान!" मग त्यांची नजर वर गेली. "हे टाकी साफ करतायत का?"

"हां मॅडम," वरून घोगरा आवाज आला, "टाकीच बघतोय. शेवाल जाम झालाय."

मॅडमनी रंजिताभोवती एक फेरी मारली. मुकुट हातानं चाचपला, नांगी उचलून पाहिली, हसल्या. "किती मेहनत घेतलीस गं. फिनिशिंग तर सुंदरच. पण... राग मानू नकोस हं. क्यूट वाटतंय. आमची मुलं हिच्यासोबत पण सेल्फी काढतील. पुढच्या वर्षी बघू या का?"

मच्छरदाणीआडून रंजिताला टॉवर दिसत होते आणि त्यांच्यापलीकडे सोमवार.

हौसानं एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा टाकीकडे. मग तिनं मान वर केली.

"भगवानदादा, तुमी टाकी बघायला चढलाव का?"

टाकीचं झाकण तेवढं खडखडलं.

"माझ्या पोरीच्या पोटाचा सवाल हाय दादा. खरं काय ते बोला."

"आता बोलू का नको?" भगवानदादा स्वतःशीच पुटपुटला. खाली गुणाबाई उभी होती, जिच्या घरी त्याच्या शब्दावाचून पान हलत नव्हतं. एवढ्या वर्षांचा मान त्या शिडीवर उपरण्याबरोबर लटकत होता. त्यानं एकदा त्या उपरण्याकडे पाहिलं.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "मी टाकीवाला नाय. मी भगत हाय. मिसरूड फुटलं तवापासून गावाची भुतं काढतोय. पन देवाशपथ सांगतो, आजवर मी एक बी भूत बघलं नाय."

"अरं देवा!" गुणाबाई म्हणाली, "मंग माझ्या सासूच्या अंगातलं काय काढलंस?"

"काय नव्हतं गो अंगात. दमली व्हती म्हातारी. दिवसभर मिठागरात राबायची, घरी कोन बोलायचं नाय. मी बाजूला बसलो, पाय चेपलं, तिचं ऐकलं. झोप लागली तिला. समद्यांचं असंच असतंय. बसायला कोन पायजे असतंय. पन नुस्तं बसायला आयलो बोललो, तर कोन बोलवल मना?"

गुणाबाईनं वाकून सांडलेले तांदूळ गोळा करायला घेतले. "हऱ्याच्या हलदीच्या दिशी येऊन बस," ती वर न बघता म्हणाली, "अंगारा नको आनू. जेवायला ये."

आभा मॅडम डोळे मोठे करून टाकीकडे बघत होत्या. "पण दादा, भूत नाही म्हणता, मग तुम्ही वर का चढलात?"

"नाय कसं? आज बघलं ना!" भगवानदादाचा आवाज अजून कापत होता. "एवढ्या वर्सांत पयल्यांदा. अजून खाली बघवत नाय."

मॅडमनी पुन्हा एकदा रंजिताकडे पाहिलं, या वेळी जरा लांबून. मग पर्समधून मोबाइल काढला. "रंजिता, मुलांची मापं घ्यायला कधी येशील?"

रंजितानं उडीच मारली, नांग्या खुळखुळल्या. "उद्याच येते, मॅडम!"

"मापं मंग घ्या," टाकीवरून विनवणी आली, "पयले तिला तो मुकुट काढायला सांगा. मी भ्यालोय गो बाय. मना उतरायचं हाय."