बाई शाळा सुधारायला गेल्यात

पालघरच्या सभेत सुनंदाबाईंनी हात वर केला तो पंखा जरा वाढवायला सांगण्यासाठी. नेमकं त्याच वेळी शिक्षणाधिकारी साहेब विचारत होते, "शिक्षणसुधारणेच्या राज्य अभ्यासगटात शिक्षकांमधून कोण येणार?" टाळ्या पडल्या. पंखा तसाच राहिला.

"अहो, मी पंख्याचं म्हणत होते," बाईंनी शेजारी बसलेल्या आपल्या मुख्याध्यापकांना, प्लासिड सरांना, सांगितलं.

"आता गप बसा. नाही म्हणालात तर चौकशी लागेल," सर म्हणाले.

तेव्हापासून बाई बैठकांना जाऊ लागल्या. कधी मुंबई, कधी पुणे. गोखिवऱ्यातल्या शाळेतला त्यांचा चौथीचा वर्ग सरांनी तिसरीत नेऊन बसवला. मग तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. शेवटी दोन्ही वर्ग व्हरांड्यात आले, आणि सर एक डोळा मुलांवर, एक खिचडीच्या पातेल्यावर ठेवून पाढे म्हणून घेऊ लागले. तिकडे 'मुलं मागे का पडतात' यावर चर्चा रंगत असे. बाईंना वर्गातल्या संजनाचा अर्धवट राहिलेला भागाकार आठवे. बोलायची पाळी येईपर्यंत जेवणाची सुट्टी होई.

अखेर अभ्यासगटाच्या अध्यक्षांनी ठरवलं, एखाद्या शाळेला न कळवता भेट द्यायची. गाडी महामार्ग सोडून गोखिवऱ्याकडे वळली, तेव्हा गाडीत बसलेल्या बाईंना कळलं, शाळा आपलीच आहे.

व्हरांड्यात मुलं होती. सर खिचडीपाशी होते. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमच्या बाई कुठे आहेत?"

चौथीतली संजना उठली. "बाई शाळा सुधारायला गेल्यात." मग तिची नजर पाहुण्यांच्या मागे गेली. "आल्या वाटतं. बाई, आज तुम्ही आमच्या की यांच्या?"

सगळे वळून बघू लागले. बाई इतक्या दमल्या होत्या, की त्यांना लाजायचंही सुचलं नाही. त्यांनी पर्स अध्यक्षांच्या हातात दिली, खडू उचलला आणि म्हणाल्या, "भागाकार काढा."

संजनाचा भागाकार सुटला. बाकी काय उरली तेही तिनं मोठ्यानं सांगितलं. सगळा अभ्यासगट कट्ट्यावर बसून ऐकत होता. कुणी मोबाइलसुद्धा काढला नाही.

अध्यक्ष भारावले. "बाई, असंच शिकवायला हवं. पुढच्या महिन्यापासून तुम्ही एकेक जिल्हा फिरा, शिक्षकांना हे दाखवा."

"आणि हा वर्ग, साहेब?"

"त्याला पूर्णवेळ शिक्षक हवाच." अध्यक्षांनी गाडीचं दार उघडून धरलं. "तीच तर आपली पहिली शिफारस. बसा."