उणे एक येईपर्यंत

विश्व दिवसेंदिवस अधिक वेगाने पसरत आहे आणि त्यासाठी त्याने कोणाचीही पूर्वपरवानगी घेतलेली नाही. हा आगाऊपणा जिच्या जोरावर चालतो, तिला कृष्ण ऊर्जा म्हणतात (ती काय आहे हे कळलेले नाही, नाव मात्र एकमताने मंजूर आहे).

तिचा छडा लावण्यासाठी एका वेधशाळेत दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांचा उजेड मोजला जाई. मोजणारीला सगळे ताई म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले केंद्रप्रमुखसुद्धा. तिची नोकरी या मोजणीवरच कायम व्हायची होती.

निकाल एका आकड्यात येणार होता. उणे एक आला, तर ही ऊर्जा सदैव एकसारखी, म्हणजे पुस्तके बरोबर आणि ती लिहिणारे केंद्रप्रमुखही बरोबर. दुसरे काही आले, तर ऊर्जा बदलते आहे आणि पुस्तकेही बदलावी लागणार. मन कलू नये म्हणून काम संपेपर्यंत आकडा संगणकात झाकून ठेवला होता. निःपक्षपातीपणाची ही फार उत्तम पद्धत आहे, झाकण असेपर्यंत.

झाकण उघडले. उणे एक नव्हता.

"चूक असणार," केंद्रप्रमुख म्हणाले. "शोधा."

वाटेतली धूळ किती उजेड अडवते, याचा अंदाज चुकला होता. चूक खरीच होती. ताईने ती सुधारली. आकडा जरा सरकला.

"अजून शोधा."

दुर्बिणीच्या आरशावरचा मुलामा उडाला होता. हीही चूक खरी. आकडा उणे एकवर येऊन बसला. चहा झाला, आणि चुका शोधण्याचे काम समाधानकारकरीत्या संपल्याचे केंद्रप्रमुखांनी जाहीर केले.

त्याच आठवड्यात ताईला तिसरी चूक सापडली. कॅमेरा फिकट तारे किंचित जास्त तेजस्वी दाखवत होता. ती सुधारताच आकडा परत मूळ जागी.

"तुम्ही फार बारकाईनं बघता, ताई," केंद्रप्रमुख कळवळून म्हणाले.

"सर, शोधा असं तुम्हीच म्हणालात."

"सापडेपर्यंत शोधा म्हणालो. सापडलं ना?"

ताईने शोधनिबंधाचा मसुदा त्यांच्यापुढे सरकवला. "मग तिसरी चूक निबंधात लिहा, नाहीतर माझं नाव काढा."

केंद्रप्रमुखांनी मोठ्या मनाने दुसरा पर्याय स्वीकारला. निबंधाचे सर्वत्र स्वागत झाले. ताईच्या नोकरीची मुदत संपली. सामान आवरताना तिला रडू आले, आणि जिना उतरताना, का कोण जाणे, हलके वाटले.

केंद्रप्रमुखांचा राग येणे स्वाभाविक आहे. मात्र वजन जास्त भरले की चपला काढून पुन्हा काट्यावर चढणाऱ्यांपैकी, कमी भरल्यावर काटा तपासून घेणारा एकही आढळलेला नाही (पाहणीचा नमुना: हे वाचणारे सर्व).