‘नाईव्हली’ची खातेनिहाय चौकशी

१९७४च्या हिवाळ्यात शहराच्या वेशीवरील जकात नाक्यावर एक गंभीर प्रकार घडला. नवा कारकून सिद्धनाथ याने एका बाईचे म्हणणे खरे मानले.

मंद्रूपच्या गोजरबाईंच्या पाटीत तुपाचा डबा होता. “लेक बाळंत झालीया. तिच्यापुरतंच हाय, इकायचं न्हाय बाबा,” त्या म्हणाल्या. घरगुती जिनसांना जकात माफ होती. सिद्धनाथने पाटीला हात लावून ती त्यांच्या डोक्यावर चढवून दिली.

चौकशी झाली. लेक खरोखरच बाळंत झाली होती आणि तूपही तिनेच खाल्ले होते. परंतु बाई खरे बोलली, हा मुद्दा अधिकाऱ्यांनी गौण ठरवला. ते खरे ठरण्यापूर्वीच कारकुनाने त्यावर विश्वास ठेवला होता. इंग्रजी अहवालात त्यांनी नमूद केले, की कर्मचारी ‘नाईव्हली’ वागला. त्याला नोकरीत कायम करण्याच्या आदेशावरील सही थांबली. कायम झाल्यावरच त्याला एकट्या आईला केम गावाहून आणता येणार होते.

हेडक्लार्क शिवलिंगप्पांनी शब्दकोश उघडला. “भोळेपणानं. अनुभव नसल्यामुळं. शब्द चांगला आहे की रे!”

“मग सुटलो की, अण्णा?”

“अर्थ डिक्शनरीत असतो, वापर कचेरीत. भोळेपणाचा दाखला पाहिजे. नाक्यावरच्या जुन्या लोकांचा.”

जुन्या लोकांतर्फे चन्नप्पाने नकार दिला. “ह्यो भोळा, असं आमी लिहून दिलं, तर मग आमी कोण?”

शिवलिंगप्पांनी आवाज खाली आणला. “डबा सोडायला चहापाणी घेतलं, असं लिहून दे.”

“पण म्या घेतलं न्हाय की!”

“तिथंच तर अडलंय. घेणाऱ्यासाठी नियम आहे, पहिल्या वेळी ताकीद. काही न घेता विश्वास ठेवणाऱ्यासाठी नियम कुठाय? साहेब बिचारे सही तरी कशाखाली करणार?”

सिद्धनाथने दौत पुढे ओढली. आई रात्री एकटीच कडी लावत असेल, हे त्याच्या मनात आले आणि त्याने कबुलीजबाब लिहिला. अक्षर वळणदार असल्याचे साहेबांनीही आवर्जून सांगितले. ताकीद मिळाली; पाठोपाठ तो कायम झाला. “आता शोभतुयास आमचा!” म्हणत चन्नप्पाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

नाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या सभ्य माणसांनाही हायसे वाटले. तोवर या पोराशी बोलावे तरी कसे, हेच आपल्याला कळत नव्हते.