पुलीवरची रेघ

गाडीला काय झालंय हे बापूंना बॉनेट न उघडता कळायचं. निदान बापूंचं तरी तसं म्हणणं होतं.

"नुसतं ऐकायचं!" ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत. "इंजिन आपल्याशी बोलत असतं!"

यावेळी मात्र इंजिन बोलत नव्हतं, चक्क किंचाळत होतं. चावी फिरवली की गल्लीतली मांजरं भिंती चढायची. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलेला, आणि स्टिअरिंग इतकं जड की वळण घेताना बापूंच्या तोंडून "आई गं" निघायचं.

बापूंची बायको घरीच शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला टेलरबाई म्हणे. तिचा संयम त्या आठवड्यात संपला.

"अहो, परवा तुमच्या गाडीनं किंकाळी फोडली आणि दचकून माझी कात्री घसरली! एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत! गिऱ्हाइकाला काय सांगू? फॅशन आहे म्हणून?"

"अगं, दोन दिवसांत गप्प करतो तिला!"

"रविवारपर्यंत झाली तर झाली. नाहीतर माझा भाऊ येतोय क्रेन घेऊन. भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय त्यानं."

बापू तडक गाडीपाशी जाऊन उभे राहिले. ही काय साधीसुधी गाडी होती? लेक जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्याच मागच्या सीटवर. त्या दिवशी बापूंनी गाडी इतकी जपून चालवली होती की पायी चालणारे लोक मागे वळून बघत पुढे निघून जात होते. आणि ती गाडी आता भंगारात? छे!

त्यांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला फोन लावला.

"क्रँकची पुली बघा," मेकॅनिक म्हणाला. "इंजिनाच्या टोकाचं ते चाक, ज्याच्यावरून बॅटरी चार्ज करणारा आणि स्टिअरिंग हलकं ठेवणारा पट्टा फिरतो. आत चकती, बाहेर कडं, मध्ये रबर. रबर गेलं की चकती फिरते आणि कडं मागे राहतं. खडूनं दोघांवरून एक सरळ रेघ मारा, इंजिन चालवा, बंद करून बघा. रेघ तुटली तर पुली गेली!"

"एवढंच ना!" बापू म्हणाले.

त्यांनी गाडी जॅकवर चढवून खाली ठोकळे लावले, पुढचं चाक काढलं, आणि टेलरबाईंच्या डब्यातला पांढरा खडू उचलून पुलीवर रेघ ओढली. इंजिन सुरू केलं. मांजरं भिंतीवर! इंजिन बंद केलं. तेवढ्यात घरात फोन वाजला म्हणून ते आत धावले. चुकीचा नंबर होता. परत येऊन बघतात तर रेघ जागच्या जागी, अखंड!

"पुली निर्दोष आहे!" बापूंनी निकाल दिला.

मग काय, पट्टा बदलला. किंकाळी तशीच. बॅटरी तपासली, ठणठणीत. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काढून दुकानात नेला. दुकानदारानं तो फिरवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हा माझ्यापेक्षा तब्येतीनं चांगला आहे." बापूंनी तो पोराला घ्यावं तसा कडेवर घरी आणला. परत बसवताना एक पाना इंजिनात कुठेतरी पडला. तो शोधताना हात अडकला, आणि हात सोडवताना चष्मा पडला!

शनिवारी दुपारी मेकॅनिक स्वतः आला.

"मला अजून पुलीचाच संशय आहे."

"अहो, माझ्या या डोळ्यांनी बघितलंय!"

"पुन्हा बघू."

पुन्हा खडू, पुन्हा रेघ, पुन्हा किंकाळी. इंजिन बंद करून दोघं हात धुवायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर रेघ अखंड! मेकॅनिकनं डोकं खाजवलं.

"मग बापू, बिघाड आत आहे. इंजिन उतरवावं लागेल. या वयात... गाडीच्या म्हणतोय मी... त्यात काही अर्थ नाही."

बापू मटकन ठोकळ्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी ग्रीसच्या हातानं पुसलं, त्यामुळे दोन्ही गालांवर मिशा उमटल्या. टेलरबाई दारात उभ्या होत्या. तो अवतार बघून त्यांना हसावं की रडावं कळेना.

"अहो, असं काय करता? आणि एक सांगा, ती तुमची रेघ मी अजून किती वेळा जोडून द्यायची?"

दोघंही उठून उभे राहिले.

"काय जोडून द्यायची?"

"रेघ! बघावं तेव्हा तुटलेली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे! पुसून सरळ मारून देते दर वेळी. रेघ तुटली की शिवण वाकडी जाते. म्हटलं, तुमची गाडी तरी सरळ जाऊ दे."

मेकॅनिकनं कपाळावर हात मारून घेतला. मग बापू असे हसत सुटले की आवाज कोणाचा, त्यांचा की गाडीचा, हे मांजरांनाही कळेना!

"पुलीच गेलीय! अगं, नुसती पुली!"

मेकॅनिक पळत जाऊन नवी पुली घेऊन आला. मधला बोल्ट काही केल्या हलेना. पान्याला लांब पाइप लावून दोघं लोंबकळले, पण पुली त्यांच्याबरोबर फिरू लागली.

"गाडी गिअरमध्ये टाकून कोणीतरी ब्रेक दाबून धरा!"

टेलरबाई स्टिअरिंगमागे बसल्या. जन्मभर पायमशीन चालवलेला पाय तो! ब्रेकवर पडला आणि पुली जागच्या जागी खिळली. कड्! बोल्ट सुटला.

नवी पुली बसली, पट्टा चढला. बापूंनी खात्रीसाठी पुन्हा रेघ मारली.

"तू हात मागे घे!"

"घेतले बाई!"

चावी फिरवली. इंजिन मांडीवरच्या मांजरासारखं गुरगुरलं. लाल दिवा विझला. आतून टेलरबाईंचा भावाशी चाललेला फोन ऐकू आला, "उद्या ये, पण नुसता जेवायला ये. क्रेन नको!"

बापूंनी इंजिन बंद करून बायकोला हाताला धरून पुलीपाशी आणलं.

"बघ! कोणी हात लावला नाही, तरी रेघ अखंड!"

टेलरबाईंनी वाकून नीट पाहिलं.

"अखंड आहे हो," त्या म्हणाल्या. "पण काढलीत तिरकी."