स्टुलांची पूजा आणि त्यावर बसण्याची कार्यपद्धती

"अप्पा, आपल्या दुकानातल्या त्या स्टुलांवर नक्की बसतं कोण?"

हा प्रश्न मी आपणहून विचारलेला नाही, हे आधीच नोंदवून ठेवते. अकरावीच्या वर्गातल्या माझ्या टोळीने मला जेवणाच्या सुट्टीत डिवचलं. पोन्नी म्हणाली, "एवढी वक्तृत्वात पहिली आलीस ना, मग घरी विचारून दाखव! नाही विचारलंस तर महिनाभर तुझ्या डब्यातला लिंबूभात आमचा." लिंबूभात हा माझ्यासाठी तत्त्वाचा प्रश्न आहे. मी विचारलं.

अप्पांनी वर्तमानपत्र खाली न करता उत्तर दिलं, "ती बसायला नाहीत, कयल. असायला आहेत."

प्रत्येक नवा कायदा मुळात मालकांच्याच भल्यासाठी असतो. फक्त ते मालकांच्या जरा उशिरा लक्षात येतं. माझे अप्पा याला अपवाद. त्यांच्या लगेच लक्षात आलं.

तिरुनेलवेलीत आमचं चार मजली कापडाचं दुकान आहे. अडतीस बायका तिथे साड्या दाखवतात, सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ, उभ्याने. उभ्याने दाखवाव्यात असं कुणी ठरवलं नव्हतं. पंखा छताला उलटा का टांगलाय, असं कुणी विचारतं का? तसंच ते. मग सरकारने कायदा केला की दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा द्यावी, म्हणजे संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता येईल. शहरातल्या काही मालकांनी डोक्याला हात लावला. अप्पांनी चष्मा लावला. कायदा तीनदा वाचून ते म्हणाले, "जागा आपण द्यायची आहे. संधी त्यांनी शोधायची आहे. छान कायदा आहे."

दुसऱ्याच दिवशी बारा स्टुलं आली. अडतीस बायकांना बारा कशी, ही शंका क्षुद्र आहे. सगळ्या एकदम बसल्या तर उभं कोण राहणार?

स्टुलांबरोबर एक नोंदवहीही आली. रकाने असे: बसणाऱ्याचं नाव, मजला, बसण्याचं कारण, बसण्यापूर्वी शेवटचं कधी बसलात, उठण्याची अंदाजे वेळ, सुपरवायझरची सही. (सुपरवायझर मुरुगेसन अण्णा सही करायला तयारच असत. फक्त ते तळमजल्यावर असत आणि स्टुलं वर. वही घेऊन खाली जायचं, सही घेऊन वर यायचं, तोवर गिऱ्हाईक आलेलं असे.) पहिल्या पंधरवड्यात स्टुलांचा वापर पुढीलप्रमाणे झाला: गिऱ्हाइकांच्या पिशव्या, एकेचाळीस टक्के, गिऱ्हाइकांची नातवंडं, तेहतीस टक्के, वरच्या फडताळातल्या साड्या काढायला स्टुलावर चढून उभं राहणं, सव्वीस टक्के. म्हणजे शंभर टक्के वापर. इतका पूर्ण वापर आमच्या राज्यात दुसऱ्या कुठल्या कायद्याचा झाला असेल असं मला वाटत नाही.

आता इसक्की अक्काबद्दल. इसक्कियम्माळ, दुसरा मजला, रेशीम विभाग, एकोणीस वर्षं. तिच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्यात. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की रोज अधूनमधून बसलीस तर हे काम करू शकशील, नाहीतर दिवाळीनंतर काम सोड. तिला काम सोडायचं नव्हतं. मी लहान असताना मला कांजीवरमच्या घडीत लपवून ठेवणारी, नवरीचं तोंड बघूनच तिच्या सासूचा आवडता रंग ओळखणारी बाई ती. घरी बसून रंग कुणाचा ओळखणार?

"अक्का, मग बस ना," मी म्हणाले.

"बसते की, पाप्पा," ती म्हणाली. मालकाच्या मुलीला दुकानात सगळे पाप्पाच, म्हणजे बाळच म्हणतात, ती कितीही वाढली तरी. "वहीत नाव घातलंय. माझ्यापुढे दोन पिशव्या आणि एक नातू आहे."

तिचा नंबर लागणार एवढ्यात आयुधपूजा आली.

आयुधपूजेला आमच्याकडे ज्या वस्तूवर पोट चालतं तिची पूजा होते. कात्री, मोजपट्टी, बिलाचं यंत्र, अप्पांची स्कूटर, सगळ्यांना चंदन आणि कुंकू, वर शेवंतीची माळ. अप्पा धार्मिक आहेत आणि कायदा पाळणारेही आहेत. त्या दिवशी दोन्ही गुण एकत्र आले. त्यांनी बाराही स्टुलांची स्वहस्ते पूजा केली. स्टुलाला कपाळ नसल्यामुळे चंदनाचा गोळा आणि कुंकवाचा टिळा बैठकीच्या बरोबर मध्यभागी लावला. आम्ही चुरमुरे आणि चण्याची उसळ खाल्ली. दृष्ट काढून कोहळा फोडला.

दुसऱ्या दिवशी कात्री चालू झाली, यंत्र चालू झालं, स्कूटर चालू झाली. स्टुलं चालू होईनात. कुंकवावर बसणार कोण? सरस्वतीच्या पुढ्यात ठेवलेल्या वस्तूवर बूड टेकवायचं? पिशव्यासुद्धा खाली उतरल्या. नातवंडांना आज्यांनी ओढून घेतलं. मुरुगेसन अण्णा म्हणाले, "कुंकू आपण पुसायचं नसतं. मुदलाळींनी लावलं, मुदलाळींनीच पुसावं." मुदलाळी, म्हणजे मालक, म्हणजे आमचे अप्पा, म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजेच्या आधी धुऊन घेऊ." यात अप्पांचा काही डाव होता असं कुणी म्हणेल. मी शपथेवर सांगते, नव्हता. माणूस मनापासून भाविक असला की त्याला डावाची गरज पडत नाही.

अशा रीतीने आमचं दुकान हे कायद्याचं केवळ पालन नव्हे तर पूजन करणारं पहिलं दुकान ठरलं.

दिवाळीला दहा दिवस उरले असताना तपासणीचे साहेब आले. भला माणूस. कॉफीसुद्धा घेतली नाही. स्टुलं मोजली, बारा. वही पाहिली, सुवाच्य. हारांकडे पाहून जरा गोंधळले. मग म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. फक्त एक फोटो हवा, कर्मचारी बसलेला असताना."

 अडतीस बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बसायचं कसं हे त्या विसरल्या होत्या असं नाही, पण मुदलाळींसमोर?

"इसक्की," अप्पा म्हणाले, "तू जुनी आहेस. ये, एक मिनिट बस."

इसक्की अक्का पुढे आली. स्टुलासमोर उभी राहिली. वाकून तिने बोटाने ते वाळलेलं कुंकू उचललं, स्वतःच्या कपाळाला लावलं, उरलेलं पदराने पुसलं आणि बसली. साहेबांनी फोटो काढला. "झालं," साहेब म्हणाले आणि गेले.

इसक्की अक्का उठली नाही.

"इसक्की, झालं हं," अप्पा म्हणाले.

"होय मुदलाळी," ती म्हणाली आणि बसून राहिली.

तेवढ्यात एक बाई मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला वर आल्या. गादीच्या खुर्चीत टेकल्या, थंड ताक घेतलं. हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं, त्यात नेमकी या कायद्याची बातमी. "बरं केलं हो सरकारनं," त्या सोबत आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, "बिचाऱ्या दिवसभर उभ्या असतात!" मग इसक्की अक्काने बसल्याबसल्या पहिली साडी उलगडली, मोरपंखी, लाल काठाची. बाईंनी साडीकडे पाहिलंच नाही.

"ही अशी बसून का दाखवतेय?" त्यांनी मुरुगेसन अण्णांना विचारलं. "आजारी आहे का? दुसरी कुणी नाही? लग्नाची खरेदी आहे हो, जरा उत्साहानं दाखवणारी द्या."

त्यांना दुसऱ्या काउंटरला नेलं. तिथल्या मुलीने त्रेसष्ट साड्या उभ्याने उलगडल्या. बाईंनी दोन घेतल्या. जाताना त्यांनी इसक्की अक्काच्या तब्येतीची चौकशीही केली, पथ्य सांगितलं. त्या बाई दुष्ट अजिबात नव्हत्या. चेहरा प्रेमळ, खांद्याला कापडी पिशवी, वाचनाची आवड. खरं सांगायचं तर बऱ्याचशा तुमच्यासारख्याच दिसत होत्या. गेल्या वेळी साडी घेतलीत तेव्हा तुम्ही बसला होतात ना? आणि समोरची? आठवत नसेल तर राहू द्या, त्यांनाही आठवणार नाही.

रात्री आम्ही जेवायला बसलो. रसम वाढायला अम्मा उभी होती. (हा कायदा घरांना लागू नाही.)

"कायदा पाळून झाला," अप्पा म्हणाले. "पण गिऱ्हाइकाला कायदा नाही ना. ते शेजारच्या दुकानात जातं. दिवाळी झाली की इसक्कीला सांगतो, आता घरी आराम कर. तिच्याही पायांना बरं."

"एकोणीस वर्षं आहे हो ती," अम्मा म्हणाली.

"म्हणून तर म्हणतोय. प्रेमानं सांगेन."

अप्पा प्रेमानंच सांगतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शालही देतील. भाषण मला लिहायला लावतील. मी वक्तृत्वात पहिली आले आहे.

मी हात धुतला, परत आले आणि उभी राहिले.

"अप्पा, अम्मा, मी एक ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. उद्यापासून शाळा सुटली की मी दुकानात येणार. दुसरा मजला, रेशीम विभाग. इसक्की अक्काच्या शेजारचं स्टूल मी पुसून घेतलंय. मी बसूनच साड्या दाखवणार, दिवाळीपर्यंत आणि दिवाळीनंतरही. गिऱ्हाइकानं विचारलं की ही का बसलीय, तर मुरुगेसन अण्णांनी सांगायचं, ही मालकांची मुलगी आहे. मग ते शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल. आणि अक्काला ज्या दिवशी घरी पाठवाल, अप्पा, त्या दिवशी मलाही तसंच प्रेमानं सांगा. त्या काउंटरवरून आम्ही दोघी एकदमच उठणार."