भिंतीखालच्यांनी मत देऊ नये

सोसायटीच्या मागच्या संरक्षक भिंतीला भोकं आहेत आणि त्यांतून पाणी गळतं, ही गंभीर बाब अध्यक्षांनी वार्षिक सभेत मांडली. एवढी थोरली भिंत, आणि तिचं नाक सतत वाहतंय! पाहुण्यांसमोर मान खाली जाते. सबब भोकं सिमेंटने बुजवून भिंत रंगवावी, असा प्रस्ताव आला.

तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर ताडकन उठले. त्यांची हयात अशाच भिंती बांधण्यात गेली होती आणि त्यांचं स्वयंपाकघर या भिंतीला खेटून होतं.

"अहो, ती भोकं मुद्दाम ठेवलीत! भिंतीमागे मातीचा भराव आहे. तो धरून ठेवायला थराथरात जाळी अंथरलीय, पाण्याला वाट मिळावी म्हणून खडी भरलीय. पाणी कोंडलं तर भिंत थेट माझ्या ओट्यावर येईल."

"तिथेच तर घोळ आहे," अध्यक्ष मायेने म्हणाले. "तुमचं घर भिंतीखाली. म्हणजे या विषयात तुमचे हितसंबंध गुंतलेत. नियमानुसार तुम्हाला बोलता येणार नाही."

"पण मरणार आम्ही!"

"तेच म्हणतोय मी. इतके उघड हितसंबंध मी आजवर पाहिले नाहीत."

ठराव मंजूर झाला. चौथ्या मजल्यावरच्या एकाने तर उत्साहात दोन्ही हात वर केले.

भोकं बुजली. भिंत ठणठणीत कोरडी झाली, तिच्यावर फुलपाखरं रंगवली गेली. मग पावसाची झड लागली आणि भिंतीला पोट सुटलं. फुलपाखरं फुगून कबुतरांएवढी दिसू लागली.

"अहो, कालपर्यंत खिडकी उघडत होती. आज भिंतीला अडतेय," इंजिनिअरांची बायको म्हणाली. "मला ओट्याशी उभं राहायची भीती वाटते हो."

इंजिनिअर अध्यक्षांकडे धावले. अध्यक्षांनी तत्परतेने तज्ज्ञ मंडळ नेमलं. भिंतीपासून सगळ्यात लांब राहणारे सभासद त्यात होते, आणि त्यांनी पाहणी गच्चीवरून केली. अहवाल आला: भिंत धष्टपुष्ट आहे, इंजिनिअरांच्या खिडकीचा तिला अडथळा होतो, सबब खिडकी काढून टाकावी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी भिंत कोसळली. बायको नेमकी शेजारणीकडे गेली होती, म्हणून वाचली. ओटा, फ्रिज, भांडीकुंडी सगळं चिखलाखाली गेलं. बायकोचा हात घट्ट धरून इंजिनिअर हुंदके देत उभे राहिले.

अध्यक्ष चिखल चुकवत आले. "फार वाईट झालं. पण आता घरच उरलं नाही, म्हणजे तुम्ही पूर्ण निष्पक्ष झालात! चौकशी समितीचं अध्यक्षपद तुम्हीच घ्या. राहायला चौथ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट देऊ."

चौथ्या मजल्यावर हवा छान होती. भिंत वरून चिमुकली दिसायची.

समितीच्या पहिल्याच बैठकीत शेजारीण धापा टाकत शिरली. भिंतीचा उरलेला भाग तिच्या घरामागे होता. "भाऊजी, आमच्याकडची भोकं तरी उघडा हो! तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे."

इंजिनिअरांनी घसा साफ केला. "वहिनी, तुमचं घर भिंतीखाली आहे. नियमानुसार तुम्हाला बोलता येणार नाही."

हे वाचून आपल्याला हसू आलं असेल, तर मोकळेपणाने हसावं. आपलं घर त्या भिंतीखाली नाही, तेव्हा आपण मत द्यायला सर्वस्वी पात्र आहात.